डेल्विन प्रुइटने हात का मिळवला नाही

ड्राय फोर्क, टेक्सस
रविवार, ११ डिसेंबर १९८३

प्रिय ओपल,

तुझं पत्र मिळालं. त्यात तू लिहिलेलं थोडं आणि लुमीरने तुझ्या खुर्चीमागे उभं राहून सांगितलेलं जास्त, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. लग्न करून तू मोराव्हेकला गेलीस तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. पुढे कधीतरी तुझं गाव आणि माझं गाव शाळांच्या फुटबॉलच्या राज्य अंतिम सामन्यात समोरासमोर येणार, हे बहुतेक तिला तेव्हाच दिसलं असावं.

तुझा नवरा म्हणतो की आमचा क्वार्टरबॅक, डाव चालवणारा डेल्विन, म्हणजे कळसूत्री बाहुली आहे. प्रत्येक डाव कोच बाहेरून सांगतो, पोरगा फक्त चेंडू फेकतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला सांग. तुमच्या मागच्या तीन क्वार्टरबॅकांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती, म्हणून सगळे तसेच असतात असं त्याला वाटतं.

डेल्विन प्रुइट सतरा वर्षांचा आहे. त्याची आई रोएटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, बाप कधीच सोडून गेला. मी या शाळेच्या सामन्यांची फिल्म १९५९ पासून काढतोय, तेही फुकट, पत्रकारांच्या खोलीच्या छपरावर चढून. चोवीस वर्षांत असा मुलगा मी पाहिलेला नाही. कोच बार्लो त्याला डाव सांगतो हे खरं. पण रेषेवर गेल्यावर समोरचे कसे उभे आहेत ते बघून डाव बदलायचा की नाही, हे तो पोरगा स्वतः ठरवतो, आणि त्याला मिळतात चार सेकंद. मग तो रंग आणि आकडे ओरडतो. त्यातलं बहुतेक नुसतं नाटक असतं. लाल, हिरवा, पिवळा, काही अर्थ नाही. 'निळा' आला तरच डाव खरोखर बदललेला असतो. निळ्यामागचा आकडा सम असला की चेंडू उजवीकडे, विषम असला की डावीकडे. तीन महिने झाले, एकाही संघाला हे उमगलेलं नाही. मी रोज सरावाला असतो म्हणून मला माहीत. आता लुमीरला विचार, बाहुली एवढा विचार करते का?

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत एका मोठ्या कॉलेजात त्याची सही होणार आहे. शिक्षणाचा सगळा खर्च कॉलेज करणार. रोएटाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते लुमीरला सांगू नकोस.

शनिवारी स्टेडियमवर भेटू. मी छपरावर असेन.

तुझा भाऊ,
हार्लन


मोराव्हेक, टेक्सस
बुधवार, १४ डिसेंबर १९८३

प्रिय हार्लन,

तुझं पत्र आजच आलं आणि नेहमीसारखं जेवताना मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नाडीचा विनोद ऐकून लुमीर मनापासून हसला, मग विनोद आपल्यावरच आहे हे लक्षात आल्यावर त्याने ताटातला आणखी एक गोड पाव, कोलाचे, उचलला. तू त्याला नावं ठेवलीस की तो जास्त खातो, तेव्हा जरा जपून.

आमचा नातू रँडलही जेवायला होता. सामन्याच्या आठवड्यात त्याच्या आईचा जीव टांगणीला असतो, म्हणून तो आमच्याकडेच येतो. तुला माहीतच आहे, बचावफळीत चोपन्न नंबर घालून मधोमध उभा राहतो तो. त्याला तुझं पत्र इतकं आवडलं की वाचायला मागून घरी घेऊन गेला. आजकालच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या पत्रांत रस असतो हे बघून मला बरं वाटलं.

एकच सांगते. हरलात तर तोंड पाडून बसू नका. सामना संपल्यावर दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर रांगेने हात मिळवतात तेव्हा आमचा कोच पोरांना सांगतो, आधी हात मिळवा, मग काय रडायचं ते बसमध्ये रडा. तुमच्या बार्लोलाही हे कळव.

ओपल


ड्राय फोर्क
सोमवार, १९ डिसेंबर १९८३

ओपल,

वीस-चौदा. अभिनंदन. लुमीरला सांग की बोलून झालं असेल तर आता श्वास घे.

हरण्याचं मला काही नाही. मी आयुष्यात इतके सामने हरताना पाहिले आहेत की त्यांची मोजदाद ठेवत नाही. पण शनिवारी संध्याकाळी माझ्या गावाचं नाक कापलं गेलं, तेही अकरा हजार माणसांसमोर, आणि कापणारा पोरगा आमचाच. चार वेळा चेंडू थेट तुमच्या हातात फेकला. होतं एखाद्याचं. पण शेवटची शिट्टी वाजली, आमची बाकीची पोरं डोळे पुसत मध्यावर निघाली, आणि डेल्विन प्रुइट हेल्मेट काढून, मान खाली घालून, सरळ बसकडे चालता झाला. तुमचा रँडल हात पुढे करून उभा होता. मी छपरावरून फिल्म काढत होतो. कॅमेरा त्याच्यावरच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बसमध्ये मी त्याच्या पुढच्या बाकावर होतो, कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन. साडेतीन तासांचा प्रवास होता. उतरताना मी त्याला विचारलं, हात का मिळवला नाहीस? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चूक केली होती. मग म्हणाला, "काही नाही, सर." काही नाही म्हणे. त्याला चार थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

मी हे असं सोडणार नाही. मंगळवारी सकाळी संघाच्या पाठीराख्यांच्या बूस्टर मंडळाचा नाश्ता आहे, तिथे बोलणार आहे. जिंकता सगळ्यांनाच येतं. हरल्यावर समोरच्याचा हात धरता येत नसेल तर त्या पोराला या गावाचं नाव पाठीवर घालून कॉलेजात पाठवायचं कशाला? तिथल्या कोचला कळायला हवं की तो कसला माल घेतोय.

हार्लन


मोराव्हेक
बुधवार, २८ डिसेंबर १९८३

प्रिय हार्लन,

नाताळ पार पडला. इथे अजून दुकानांच्या काचांवर वीस-चौदा लिहिलेलं आहे. लुमीर रोज नव्याने वाचतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं, पण या वेळी जेवताना वाचलं नाही. हार्लन, त्या मुलाचा पिच्छा सोड. मी तुझी थोरली बहीण म्हणून सांगते. एका पोराने एका संध्याकाळी हात मिळवला नाही, त्यासाठी तू त्याचं कॉलेज घालवायला निघालास? १९३८ साली तू हरलास तेव्हा पंचाच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा सोडली होतीस, आणि बाबांनी ती रात्रभर पंपाने भरली. तुझं नाव कुणी कुठे कळवलं नव्हतं.

इथेही लोक त्या मुलाला नावं ठेवतात. चर्चमध्येसुद्धा त्यावर चर्चा झाली, पास्टरांनी प्रवचनात हात मिळवण्याचं उदाहरण दिलं. रँडल अर्ध्यात उठून बाहेर गेला. पोरगं सध्या नीट जेवत नाही. जिंकलेलं पोरगं जेवत नाही म्हणजे बघ.

काही कारण असेल त्या मुलाकडे. सगळ्यांची कारणं आपल्याला कळतातच असं नाही. काही पाठवलं नसशील तर पाठवू नकोस. पाठवलं असशील तर परत घे.

ओपल


ड्राय फोर्क
सोमवार, ९ जानेवारी १९८४

ओपल,

तुझी दया जिंकलेल्यांची दया आहे. ट्रॉफी काचेच्या कपाटात ठेवल्यावर सगळ्यांचंच मन मोठं होतं. मला उपदेश करू नकोस. आणि हो, हवा सोडली होती. पण त्याआधी मैदानावर त्या संघातल्या बावीसच्या बावीस पोरांशी मी हात मिळवला होता. हेच तर मी सांगतोय.

उशीर झाला तुला. नाश्त्याच्या दिवशीच एकशेत्रेचाळीस सह्या झाल्या. पत्र मी स्वतः लिहिलं, दोन पानं. कुठेही खोटं नाही. जे घडलं ते, मैदानावरचं, बसमधलं, तारखेसकट. बार्लोने सही केली नाही, पण अडवलंही नाही. शुक्रवारी कॉलेजच्या कोचचं उत्तर आलं. लिहितात, आम्ही फक्त हाताची ताकद बघत नाही, चारित्र्यही बघतो, वेळीच कळवल्याबद्दल ड्राय फोर्कच्या नागरिकांचे आभार. जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

सामन्यांच्या दिवसांत प्रत्येक खेळाडूच्या अंगणात मंडळाच्या बायका नंबर रंगवलेली लाकडी पाटी ठोकतात, तुला आठवत असेल. प्रुइटांच्या अंगणातली बारा नंबरची पाटी मी काल दुपारी उपटून आणली. रोएटा खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही. त्या घरात बोलण्याची पद्धतच नाही वाटतं.

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात पोरगा समोर आला. मी म्हटलं, कॉलेजचं कळलं असेल. म्हणाला, "हो सर." म्हटलं, काही म्हणायचंय? म्हणाला, "नाही सर." आणि मला खिळ्यांची पेटी वरच्या फळीवरून काढून दिली, कारण माझा हात तिथे पोहोचत नव्हता. असला उर्मटपणा मी पाहिलेला नाही.

एकदाचा प्रश्न मिटला म्हणायचा. पण खरं सांगू? मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर बरं वाटेल. अजून वाटलेलं नाही.

हार्लन


मोराव्हेक
गुरुवार, १२ जानेवारी १९८४

हार्लन,

बसून वाच.

११ डिसेंबरच्या तुझ्या पत्रात तू आम्हाला सगळं सांगितलंस. निळा आला की डाव खरा, सम उजवीकडे, विषम डावीकडे. लुमीरने त्या मुलाला बाहुली म्हटलं म्हणून तू ते लिहिलंस, आणि मी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मला त्यातलं काही कळलं नाही. रँडलला कळलं. म्हणून तर त्याने पत्र मागून नेलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या कोचच्या टेबलावर होतं.

सामन्यात पहिल्या अर्ध्यात त्यांनी ते जपून वापरलं. तिसऱ्या भागात चौदा-चौदा असताना रँडलला राहवलं नाही. रेषेपलीकडून तो डेल्विनला म्हणाला, "निळा म्हण ना. हार्लनआजोबांनी आम्हाला पत्रात सगळं लिहून पाठवलंय." हे मला रँडलने स्वतः सांगितलं, नाताळच्या संध्याकाळी, माझ्या स्वयंपाकघरात, आणि सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता. तो म्हणाला, आजी, मी हात पुढे केला तेव्हा मलाच माझी लाज वाटत होती.

म्हणजे त्या मुलाला सगळं ठाऊक होतं. कुणाचं पत्र होतं तेही. आणि तू गावभर सह्या गोळा करत फिरत होतास.

मला हे नाताळपासून माहीत आहे. मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. लुमीर म्हणाला, झालं गेलं, ट्रॉफी परत मागतील, आपल्या पोराचं नाव खराब होईल. मी ऐकलं. मला वाटलं, नुसतं रागावून लिहिलं तर तू थांबशील. तू माझ्या सांगण्यावरून कधी थांबला आहेस?

तुझं ते पत्र रँडलकडून परत घेतलं आहे. सोबत पाठवते. तुझ्याजवळच असू दे.

ओपल


ड्राय फोर्क
सोमवार, १६ जानेवारी १९८४

ओपल,

शाळेच्या प्रोजेक्टरची किल्ली माझ्याकडे असते. शनिवारी सकाळी एकट्याने जाऊन फिल्म लावली. फिल्मला आवाज नसतो. पण डेल्विनचं तोंड हलताना दिसतं, आणि त्याबरोबर तुमचा चोपन्न नंबर चेंडू सुटायच्या आधीच सरकताना दिसतो. नऊ वेळा. चार वेळा चेंडू तुमच्या हातात गेला, त्या चारही वेळा तो आधीच सरकलेला होता. मी महिनाभर ही फिल्म चार माणसांना दाखवत होतो, तो बसकडे चालत गेला तेवढाच शेवटचा तुकडा. आधीचं बघावं असं मला एकदाही वाटलं नाही.

तू म्हणतेस नाताळपासून माहीत होतं. कॉलेजचं उत्तर सहा जानेवारीला आलं. मधले बारा दिवस होते, ओपल. चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? फोनची तार तुमच्या मोराव्हेकपर्यंत पोहोचली नाही का? म्हणे ट्रॉफी परत मागतील. लुमीरला सांग, ती ट्रॉफी उशाला घेऊन झोप. ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू, आणि भांडं दुसऱ्याच्या पोराचं होतं.

आता माझं. माझं काय लिहू? ते पत्र मी पाच वेळा वाचलं. अक्षर माझंच आहे. त्या मुलाचं कौतुक करायला बसलो होतो. त्याचा अभिमान वाटत होता म्हणून लिहिलं, आणि त्याचं जे होतं नव्हतं ते तुमच्या ताटात वाढलं. पुढे तोच अभिमान घेऊन त्याची पाटी उपटली. माझ्यासारखं गाढव या परगण्यात दुसरं नसेल. राग अनावर झालाय, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस रोज सकाळी दाढी करताना समोर येतो.

उद्या नाश्त्याला सगळ्यांसमोर माझं ते पत्र वाचणार आहे.

हार्लन


मोराव्हेक
शुक्रवार, २० जानेवारी १९८४

हार्लन,

तू मला लिहिलेलं सगळं खरं आहे.

रँडलने कॉलेजच्या कोचला स्वतः पत्र लिहिलं आणि स्वतः टाकलं. कुणाला विचारलं नाही. आमच्या कोचने त्याला बोलावून दम दिला, तेव्हा तो म्हणाला, मला पुढच्या वर्षी खेळवू नका मग. लुमीर माझ्याशी बोलत नाही. मी ट्रॉफीबद्दलचा तुझा निरोप त्याला जसाच्या तसा वाचून दाखवला, म्हणून.

तिकडे काय झालं ते कळव.

ओपल


ड्राय फोर्क
रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

ओपल,

मुद्दाम उशीर केला. आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

नाश्त्याला पंचावन्न माणसं होती. मी उभा राहिलो आणि माझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नाडीच्या विनोदासकट. मग तुझं वाचलं. मला वाटलं होतं, माझ्यावर प्लेटा फेकतील. फेकायला हव्या होत्या. पण त्यांना माझ्यावर रागवायलाही फुरसत नव्हती. पहिल्याच मिनिटाला सगळे मोराव्हेकवर तुटून पडले. चोर, दरोडेखोर, ट्रॉफी परत आणा, राज्य मंडळाकडे तक्रार करा, वकील बोलवा. डेल्विनचं नाव कुणी घेईना. मी टेबलावर मूठ आपटून विचारलं, त्या पोराचं काय? तेव्हा आमचा न्हावी, ज्याची सही माझ्याखाली पहिली होती, तो शांतपणे म्हणाला, "ते ठीक आहे हार्लन, पण हात मिळवायला हवाच होता." आणि बऱ्याच जणांनी माना हलवल्या. महिन्यापूर्वी मीच त्यांना हे शिकवलं होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. एकशेत्रेचाळीसपैकी नऊ जणांनी सही मागे घेतली. बाकीचे अजून विचार करतायत.

किल्ली आणि कॅमेरा मी बार्लोच्या टेबलावर ठेवले. त्याने परत घ्या असं म्हटलं नाही. बरं केलं.

कॉलेजच्या कोचला मी फोन केला. रँडलचं पत्र त्याला मिळालं होतं. तो म्हणाला, मुलाबद्दल हे कळून आनंद झाला, पण जागा ओक्लाहोमाच्या एका पोराला दिली, त्याची सहीसुद्धा आठ तारखेला होऊन गेली. मी विचारलं, आनंदाचं तो पोरगा काय करणार? त्याने फोन ठेवला.

काल दुपारी प्रुइटांकडे गेलो. बारा नंबरची पाटी सोबत नेली होती, पण गाडीतच ठेवली. ती परत ठोकायला गेलो असतो तर रोएटाने तीच माझ्या डोक्यात घातली असती. ती दारात आली, मला आत बोलावलं नाही. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या मुलाने घरात महिनाभर एक शब्द काढला नाही, मला हे मोराव्हेकच्या एका पोराच्या पत्रातून कळावं का, मिस्टर टीग? रँडलने तिलाही लिहिलंय, हे तुला माहीत आहे का? मला नव्हतं. मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, माफी माझ्याकडे मागू नका. मग मागे वळून तिने मुलाला हाक मारली.

तो गाडीखाली काहीतरी दुरुस्त करत होता, हात काळे होते. व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस? हार्डवेअरच्या दुकानात मी तुला विचारलं, तेव्हा तरी का नाही?

तो म्हणाला, "त्या दिवशी रांगेत उभा राहिलो असतो तर चोपन्न नंबरसमोर गेल्यावर माझ्या तोंडून निघालंच असतं. मग ते सगळ्या पोरांना कळलं असतं. आणि तुम्हाला आमच्याच बसने परत यायचं होतं."

ओपल, तो हे मायेने बोलला असं समजू नकोस. आवाज चढलेला होता, जबडा घट्ट होता. तो म्हणाला, चाळीस पोरांनी तुमचं काय केलं असतं कुणास ठाऊक, साडेतीन तासांचा रस्ता होता. मी म्हटलं, आणि नंतर? नंतर तर बस नव्हती. तर म्हणाला, "नंतर वाट बघत होतो, सर. तुमच्याकडे फिल्म होती. मला वाटलं, तुम्ही ती बघाल. चोवीस वर्षं तुम्ही प्रत्येक सामन्याची फिल्म दुसऱ्याच दिवशी बघता."

रोएटा मला जायला सांगेल म्हणून मी वाट बघत होतो, पण ती तोंड फिरवून उभी होती. शेवटी मला जे येतं तेच मी पुढे केलं. म्हटलं, पोरा, मी चार कॉलेजांतल्या कोचना ओळखतो, आज रात्रीच बसतो आणि सगळ्यांना लिहितो, खरं काय ते, सविस्तर.

फडक्याने हात पुसत तो म्हणाला, "नको. न्यू मेक्सिकोत दोन वर्षांच्या शिक्षणाचं एक छोटं कॉलेज आहे. तिथल्या कोचने मला खेळताना बघितलंय, ऑगस्टमध्ये बोलावलंय. त्याला माझ्याबद्दल अजून कुणी काही लिहिलेलं नाही, मिस्टर टीग. ते तसंच राहू द्या."

कॉलेजचं नाव त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तुझा भाऊ,
हार्लन